शाबासकीचं रेडकू

बी.एड. झाल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे एक रेडकू विकत घेतलं.

म्हैस घेतली असती तर निदान चहापुरतं दूध तरी मिळालं असतं. पण हा टोणगा होता. वर ते रेडकू मी घेतोय हे रेडकू ताब्यात येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं!

बहात्तरचा दुष्काळ सरून पहिला बरा पाऊस झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. भवानी पेठेत दादा-वहिनींच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो. दादा गिरणीच्या हपिसात कारकून. त्याचा मुलगा सुधीर, म्हणजे सुध्या, चौथीत. मुलगी मंगल, म्हणजे मंगी, तिसरीत. आणि मी, म्हणजे नुकताच पहिल्या वर्गात बी.एड. झालेला बेकार काका. डोक्यात शिक्षणशास्त्र ओसंडून वाहत होतं आणि ते ओतायला अख्ख्या सोलापुरात एक वर्ग मिळत नव्हता.

दिवाळीच्या सुमारास सुध्याला कावीळ झाली. पोरगं हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं पडलं. संक्रांत आली तरी त्याची खाट खिडकीपाशीच. खायला लाह्या, प्यायला उसाचा रस. शाळेच्या हेडगुरुजींचा निरोप आला, "वर्षाअखेरीला पोराची तोंडी परीक्षा घेतो. पाढे आणि हिशेब आले तर पाचवीत, न्हाय तर परत चौथीत."

आता परत चौथीत म्हणजे काय, हे मंगीनं सगळ्यात आधी ओळखलं. ती तिसरीतून चौथीत येणार होती ना! तिनं बोळात घरोघरी जाऊन जाहीर करून टाकलं, "सुध्यादादा माझ्या वर्गात येनार! मी त्याला मागच्या बाकावर बसवनार. मी मॉनिटर हाय की!"

काविळीनं पिवळा पडलेला सुध्या त्या दिवशी पांढरा पडला. भिंतीकडे तोंड करून निजला तो जेवायलाही उठेना. वहिनींनी पदर डोळ्याला लावला.

मी उभा राहिलो. (बसायला खुर्ची नव्हतीच.) "वहिनी, रडू नका. सुध्याला मी घरी शिकवतो!"

"तुमी?" वहिनींनी एवढंच विचारलं, पण त्यात सगळं आलं.

"हो, मी! छडी नाही, घोकंपट्टी नाही. मुलाची आवड कशात आहे ते शोधायचं आणि सगळा अभ्यासक्रम तिच्याभोवती बांधायचा. आधुनिक पद्धत आहे ही."

"तुमाला काय आधुनिक करायचंय ते करा भाऊजी. माजं पोरगं पाचवीत गेलं पायजे."

मी लगेच खाटेपाशी बसलो. आवाजात जमेल तेवढं प्रेम आणून विचारलं, "सुध्या, तुला कशात रस आहे?"

"रस नको काका. आत्ताच दोन ग्लास पिलोय."

"तो रस नव्हे रे! आवड! तुला मनापासून काय आवडतं?"

सुध्यानं विचार केला. खिडकीबाहेर पाहिलं. समोर गवळ्याचा गोठा होता आणि गेले कित्येक दिवस बिचाऱ्याच्या नजरेला दुसरं काही पडलंच नव्हतं.

"म्हशी," तो म्हणाला.

दुसरा कोणी असता तर खचला असता. मी मोठा कागद आणला, मधोमध एक म्हैस काढली (मंगी म्हणाली, "उंदीर छान जमलाय") आणि तिच्यातून चारी दिशांना बाण सोडले. भाषा : म्हशीचं मनोगत. भूगोल : मुऱ्हा कुठली, सुरती कुठली, पंढरपुरी कुठली. शास्त्र : रवंथ. गणित : दुधाचा हिशेब. इतिहासापाशी मात्र अडलो. इतिहासात घोडे आहेत, हत्ती आहेत, घोरपडसुद्धा आहे; म्हैस कुठल्याच लढाईत नाही. शेवटी त्या बाणापुढे 'नंतर पाहू' असं लिहिलं आणि कागद भिंतीला चिकटवला.

संध्याकाळी दादानं चष्मा पुसून तो कागद वाचला. "नागरिकशास्त्राचं काय? म्हैस मतदान करती का?" एवढं विचारून तो हातपाय धुवायला गेला.

पण खरं सांगतो, पोरगं उठून बसलं! म्हशीचं मनोगत त्यानं असं लिहिलं की वहिनींनी समोरच्या गवळ्याला नेऊन वाचून दाखवलं. भूगोल झाला. रवंथ तर तो जेवताना करूनच दाखवायचा. घोडं पेंड खायचं ते गणितात. मी म्हणायचो, "एक म्हैस आठ शेर दूध देते, तर सात म्हशी किती?" सुध्या आढ्याकडे बघायचा. मग म्हणायचा, "काका, गवळी पानी किती घालतो ते सांगितलंच न्हाय तुमी. हिशेब कसा करू?"

आणि कोपऱ्यातून मंगीचा आवाज यायचा, "सात आठे छप्पन! आमच्या वर्गात सगळ्यांना येतंय."

मग सुध्या जरा हिंडू-फिरू लागल्यावर मी ठरवलं, गणित जिथं जिवंत आहे तिथं पोराला न्यायचं. संक्रांतीला भरलेली गड्ड्याची जत्रा अजून चालू होती आणि तिच्याबरोबर जनावरांचा बाजार. दुष्काळात दावणी रिकाम्या झालेले लोक पुन्हा जनावरं घ्यायला उतरले होते. धुरळा, शेणाचा आणि कडब्याचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज... आजही कुठं ओल्या कडब्याचा वास आला की माझा हात आपोआप खाली जातो. तिथं सुध्याचं बोट असायचं.

आमच्या गवळ्याच्या ओळखीचे एक दलाल होते, हुसेनचाचा. ते आम्हाला भाव ठरवायची तऱ्हा दाखवू लागले. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात. दलाल दोघांच्या हातांवर आपला रुमाल टाकतो. मग तोंडानं चकार शब्द नाही! रुमालाखाली नुसती बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. दहा की शंभर, ते जनावर बघून समजायचं. सौदा जमला की नाही हे शेजारी बसलेल्यालासुद्धा कळत नाही.

सुध्याचे डोळे चमकले. चाचांनी त्याला मांडीशी घेतलं, रुमाल टाकला आणि तासाभरात पोरगं मुरलेल्या दलालासारखं बोटं दाबायला लागलं. मी हळूच विचारलं, "सुध्या, सात आठे?"

"काका, हात द्या."

मी हात दिला. रुमालाखाली त्यानं आधी माझा पंजा दाबला. मग पुन्हा पंजा, आणि वर एक बोट. पन्नास... आणि सहा. छप्पन! जन्मात पहिल्यांदा! माझा अभ्यासक्रम फळाला आला होता.

तिथंच थांबलो असतो तर आज ही आठवण लिहावी लागली नसती. मी म्हणालो, "चाचा, मलाही एकदा खऱ्या माणसाबरोबर बघू द्या की!"

"हौ मास्तर, बैठो!" चाचांनी मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढं बसवलं. त्याच्यामागं एक रेडकू उभं होतं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. सकाळपासून त्याच्याकडं कोणी फिरकलं नव्हतं, पण मी कशाला तिकडं बघतो! मी बघत होतो रुमालाकडं. म्हाताऱ्यानं रुमालाखाली माझी चार बोटं दाबली.

आता बी.एड.ला आम्हाला एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती. समोरच्यानं बरोबर केलं की ताबडतोब शाबासकी द्यायची. क्षणाचाही उशीर नको. मी त्याची चार बोटं तशीच दाबली, पाठीवर थाप मारली आणि ओरडलो, "अगदी बरोबर! शाब्बास!"

"सौदा झाला!" हुसेनचाचा माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. म्हाताऱ्यानं आभाळाकडं बघून हात जोडले आणि दावं माझ्या हातात दिलं.

"अहो, नाही नाही! मी फक्त त्यांचं उत्तर तपासत होतो!"

"चालीस का सौदा हाय मास्तर. तीच बोटं परत दाबली की भाव कबूल! जबानचा धंदा हाय ह्यो. पाठीवर थाप मारून कोन मागं फिरतंय का?"

भोवती माणसं जमली. चार पागोटीवाल्यांनी माना हलवल्या. मास्तर म्हणवतो आणि शब्द फिरवतो? माझ्या खिशात बरोबर चाळीस रुपये होते. मुलाखतीला जायला टेरिलिनच्या पँटचं कापड घे म्हणून वहिनींनी दिलेले. (मुलाखतीला पुढं मी दादाची पँट घालून गेलो. दादा माझ्यापेक्षा वीतभर बुटका होता. नोकरी मिळाली नाही.)

रेडकाला घेऊन आम्ही घराकडं निघालो. सुध्या पुढून दावं ओढतोय, मी मागून ढकलतोय. सात रस्ता चौकापर्यंत ते निमूट आलं. तिथं सातही रस्त्यांकडं एकदा बघितलं, कुठला धरावा ते कळेना म्हणून मधोमध बसकण मारली. टांगे थांबले, सायकली थांबल्या, एक बस भोंगा वाजवून वाजवून थकली. पोलीस शिट्टी फुंकत आला.

"कुटं नेलालाव बे हे? कुनाचं हाय?"

सुध्यानं छाती काढून सांगितलं, "ह्यो आमच्या काकांचा अभ्यासक्रम हाय!"

पोलिसानं माझ्याकडं असं बघितलं की मी ताबडतोब शेपटीकडचं माझं काम सुरू केलं.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी रेडकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं. "पँटचं कापड कुटाय?"

मी रेडकाकडं बोट केलं.

"अगं बाई! हे काय करलालाव भाऊजी? पोराच्या तोंडातनं पाढे निघंनात, आन आता रेड्याच्या तोंडातनं वेद काढता व्हय?"

दादा बाहेर आला. रेडकाभोवती एक फेरी मारली. "कितवीत घातलंय ह्याला?"

मंगी म्हणाली, "रेडकू माझ्या वर्गात आलं तरी चालंल बाबा. दादा नको!"

रेडकू गवळ्याच्या गोठ्यात राहिलं, पण दिवसातून दोनदा घरी यायचं. एक दिवस दार उघडं राहिलं आणि त्यानं भिंतीवरचा कागद म्हशीसकट, बाणांसकट खाऊन टाकला. अभ्यासक्रमानं अभ्यासक्रम खाल्ला! इतिहासाचा बाणही गेला, त्याचं मात्र मला बरं वाटलं.

इकडं सुध्याचं गणित धो धो वाहू लागलं होतं, पण फक्त रुमालाखाली. उघड्यावर विचारलं की दातखीळ. तो जेवताना आईच्या हातावर टॉवेल टाकायचा आणि तीन बोटं दाबायचा, म्हणजे तीन भाकरी. वहिनी दोन बोटं दाबून भाव पाडायच्या. शेवटी अडीचवर सौदा व्हायचा. दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही त्या उन्हाळ्यात जेवढं हसलो तेवढं पुन्हा कधी हसलो नाही. दादा आता नाही, घरही नाही. पण त्या टॉवेलाखालचे वहिनींचे पिठाचे हात मला अजून दिसतात.

एप्रिलात परीक्षा आली. हेडगुरुजी म्हणजे धोतर, काळा कोट, खांद्यावर उपरणं आणि हसण्याची सक्त मनाई. मी आणि मंगी दाराशी उभे. मंगी मुद्दाम आली होती.

"सात आठे?" गुरुजी गरजले.

सुध्या आढ्याकडं बघायला लागला. मंगीनं तोंड उघडलं, ते मी हातानं दाबून धरलं. सुध्यानं एकदा बहिणीकडं बघितलं आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुढं होऊन म्हणाला, "गुरुजी, हात द्या."

"काय?"

"हात द्या की. आन उपरनं."

मी डोळे मिटून घेतले. आता छडी वाजणार! पण आवाज आलाच नाही. उघडून बघतो तर गुरुजींचा हात उपरण्याखाली, सुध्याचा हात उपरण्याखाली, आणि गुरुजींच्या मिशीखाली चक्क हसू! गुरुजी मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरातले. लहानपणी बापाबरोबर बाजारात बसलेले. मग काय विचारता! दीडकी, अडीचकी, नफा-तोटा, व्यवहारी अपूर्णांक, सगळं मुक्यानं. बाकीचे मास्तर गोळा झाले, पण आत काय चाललंय कोणालाच कळेना.

शेवटी गुरुजींनी उपरणं झटकलं. "पाचवीत घाला ह्याला."

सुध्या धावत येऊन मला बिलगला. मी लपवत नाही, मी रडलो. जगात काहीही न जमलेल्या माणसाला एक गोष्ट जमली होती.

"पोरगं सांगत होतं, रेडकू घेतलंय म्हनं तुमी?" गुरुजींनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या हातावर उपरणं टाकलं. खालून त्यांनी माझं एक बोट दाबलं.

एक बोट! पहिला नंबर! आमचा सुध्या पहिला! मी त्यांचं बोट गच्च दाबलं, हेडगुरुजींच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडलो, "अगदी बरोबर! शाब्बास!"

"सौदा झाला," गुरुजी म्हणाले. "धा रुपयाला दिलंत. उद्या गडी पाठवतो न्यायला."

सुध्यानं कपाळाला हात लावला. मंगी मात्र पुढं झाली, माझा हात हातात घेतला आणि समजूत घालत म्हणाली, "असू दे काका. दादाच्या जागी आता तुमीच या माझ्या वर्गात."

मी गेलोही असतो. पण चौथीत बसायला आधी तिसरी पास व्हावं लागतं!