फक्कीची रेघ

दुपारी आडवं झाल्यावर डोळा लागता लागता शरीर एकदा दचकतं. स्नायूंची ती साधी उसळी असते. आज मी दचकते आणि माझा पाय मुरमावर टेकतो.

आमच्या क्लबचं बास्केटबॉलचं मैदान. सुलूताई वाकून पांढऱ्या फक्कीने फ्री थ्रोची रेघ आखते आहे. सामन्याच्या दिवशी रेघा क्लबमधल्या सर्वांत जुन्या खेळाडूने आखायच्या आणि त्या पुऱ्या होईपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. माझी ही बहीण जाऊन वर्ष झालं, हे मला ठाऊक आहे. तरी मी बाहेरच थांबते.

"आलीस का शास्त्रज्ञबाई? डबा धर. रेघ सरळ आहे का सांग."

"थोडी डावीकडे गेलीय."

"मेलेल्या माणसाला तरी बरं म्हण गं!"

मी हसते, तोवर मैदानावर छत आलेलं असतं. रिंग हॉस्पिटलच्या भिंतीवर आहे, तिच्याखाली ताईची खाट. शेजारी आमच्या खोलीतली दोन चित्रं, दोन अमेरिकन खेळाडू. एक सगळी कारकीर्द एकाच टीमकडून खेळला. दुसऱ्याने टीम बदलल्या आणि जाईल तिथे करंडक जिंकले.

"बोल, मोठा कोण?" आमचा जुना वाद.

"करंडक मोजले तर दुसरा."

"मोजायला कुणी सांगितलंय? राहिला कोण?"

ताई स्वतः राहिली. रेल्वेने नोकरीसकट बोलावलं तेव्हा क्लब सोडवेना, म्हणून तिच्या जागी क्लबमधलीच दमयंती गेली. पुढे भारताकडून खेळली.

"दमू म्हणजे पुढाऱ्यांनी पक्ष बदलावेत तशी टीम बदलायची," ताई म्हणते. "तिचं नाव लागलं का कुठे?"

"स्टेडियमला."

"बरं झालं. खेळायची छान." ती चादरीची घडी बोटाने सरळ करते. "आणि आपलं मैदान? पोरी येतात ना सकाळी?"

क्लब बंद झाला. मुरूम उचलून तिथे डांबर ओतलंय, बाजूच्या मंगल कार्यालयाच्या गाड्या लागतात. रिंगचे खांब कापून नेले. 'येतात' हा एकच शब्द मला म्हणायचा आहे. जन्मभर जे दिसलं तेच मी नोंदवत आले. शब्द जिभेवर येतो आणि तिथेच राहतो.

ताई माझ्या तोंडाकडे बघते.

"राहू दे, निरू," ती म्हणते. "मग मी राहिले कशासाठी गं?"

खाटेवरून उतरून ती माझ्या हातातला डबा घेते. खाली डांबर आहे. ती पुन्हा वाकते, आखू लागते. रेघ एका गाडीच्या चाकाखाली शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, वाकडीतिकडी.

"सरळ आहे?" ती वर न बघता विचारते.

"अगदी सरळ," मी म्हणते.

जाग येते. उजव्या तळहातावर पांढरी भुकटी आहे. पलंग भिंतीला लागून आहे, भिंतीचा चुना असेल. मी स्वयंपाकघरात जाते, तळव्यावर लिंबाचा थेंब पिळते. फसफसतं. पण भिंतीचा जुना चुना असाच फसफसतो आणि फक्कीही. यातून काहीच सिद्ध होत नाही.

मग खिडकीशी जाऊन उजेडात हात धरते. ओल्या भुकटीत मुरमाचे तांबडे कण आहेत. आमच्या भिंतीत मुरूम नाही.

मैदानावरही आता नाही.