आपल्याच मंडईची पाहुणी

बचतगटाच्या बैठकीला तालुक्यावरून एक पोरगी आली होती. आम्ही सगळ्या मिळून दोन चटयांवर मावलो होतो, तरी तिला बोलायला माईक लागत होता. तिने एकेकीला विचारलं, जन्मात काय करायचं राहून गेलं? कोणी काशी म्हणालं, कोणी तिरुपती. एकीने "नातवाचं लगन पाहायचं" म्हणून डोळ्याला पदर लावला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "चाऊमीन."

सगळ्या हसल्या. पोरगी हसली नाही. ती म्हणाली, "आजी, छान. अशी यादी करा आणि एकेक गोष्ट करून टाका."

मला कोणी छान म्हटलं की मी सावध होते. पण यादीची गोष्ट पटली. मी चौथी पास आहे, लिहिणं अजून विसरलेली नाही. धानाच्या खोलीच्या दाराला मागून खडूने लिहून टाकलं: चाऊमीन खाणे. भंडाऱ्याला हॉटेलात बसून जेवणे. गाऊन घालणे. ऑटोत पुढे बसणे. आणि सगळ्यात खाली, आपल्या मंडईत पाहुणी होणे.

माझ्या म्हाताऱ्याने ते वाचलं. "हे काय लिवलं व? या वयात पोरगी झाली काय?"

"झाली," मी म्हटलं.

चाऊमीन कोंढ्याच्या बाजारात खाल्लं. पावसाळ्यात गांडुळं निघतात तसं दिसतं आणि आंबट लागतं. वाढलेलं टाकायचं नाही म्हणून संपवलं. भंडाऱ्याच्या हॉटेलात जेवण बरं होतं, पण जेवण झाल्यावर मी सवयीने माझं ताट उचललं, म्हाताऱ्याचं उचललं आणि नळ शोधत थेट आत शिरले. आतला स्वयंपाकी घाबरला. वाढणारा पोऱ्या ताटं ओढायला लागला, मी सोडेना. म्हातारा बाहेर बसून मला ओळखत नसल्यासारखा बडीशेप खात होता. ऑटोत पुढे बसण्यात काही अर्थ नाही, ड्रायव्हरचं कोपर बरगडीत बसतं. गाऊन मात्र उत्तम, अगदी सुनेच्या गाऊनसारखा. मी तो घालून अंगणात उभी होते तर शेजारीण मागून ओरडली, "काय व, सासू घरी नाही वाटते, भल्ली मोकळी फिरून राहिली!" मी वळून पाहिलं. ती घरात गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

आता शेवटची गोष्ट. ती सांगण्याआधी मंडई काय ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार वाटतो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी गावात दुकानं लागतात, दुपारी खडी गंमत होते, म्हणजे शाहीर डफावर गातात आणि बाईच्या वेषातला गडी नाचतो. आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्याला बोलवावं लागत नाही, मोजावं लागत नाही. दारात कोणी आलं की पाय धुवायला पाण्याचा गडवा द्यायचा, लाखोरीच्या डाळीचे वडे वाढायचे. तुम्ही कोण, असं विचारायचं नाही. ते जेवण झाल्यावर आपोआप कळतं.

म्हणजे घरची बाई त्या दिवशी कढईसमोर. मी या गावात लग्न होऊन आले त्या वर्षापासून माझ्या गावच्या मंडईचं माझ्यापर्यंत फक्त डफ पोचलं, तेही भिंतीतून. दुसऱ्या गावच्या मंडया पाहिल्या, आपली नाही. आमच्या घरची मंडईची कढई माझी होती. सासूकडून माझ्याकडे आली, आणि सुनेला मी ती अजून दिली नव्हती. ती डाळ भिजवायची, लसूण सोलायची, लाकडं लावायची. वडा तेलात मी सोडायची. सून चांगली आहे, पण मिठाला तिचा हात आखडतो. आखडतो म्हणजे आखडतो, त्यात लपवायचं काय?

म्हणून यादीतली ती ओळ वाचून सून मंडईच्या आधी मला म्हणाली, "मामीजी, पाहुण्या झाल्या तर त्या दिवशी चुलीपाशी येता येणार नाही. मीठ चाखायलेही नाही."

"नाही येत."

"मंग वडे मी काढीन?"

"दुसरं कोण काढीन? म्हातारा?"

तिने त्याच दिवशी मोठा झारा घासायला घेतला. मला तेव्हाच कळलं की हे चाऊमीनसारखं नाही. चाऊमीन खाऊन माणूस होता तसा घरी येतो. कढई एकदा हातातून गेली की ती परत येईलच असं नाही. माझ्या सासूची आली नव्हती.

पण लिहिलं होतं, तर करायचं.

पाहुणा बाहेरून यावा लागतो. मंडईच्या सकाळी मी नवी साडी नेसून, पिशवीत एक लुगडं घालून ऑटोने कोंढ्याला गेले. तिथे एक चहा घेतला आणि परतीच्या ऑटोने पाहुण्यांच्या गर्दीत बसून आपल्याच गावी आले. ऑटोवाला तोच निघाला. "आजी, काही विसरल्या काय?" म्हणाला. मी म्हटलं, "तू गाडी चालव."

दारात आले तर अंगणात शेणाचा पो पडलेला. हात आपोआप गेला. तेवढ्यात सून पाण्याचा गडवा घेऊन दारात. डोक्यावर पदर, चेहरा एकदम सरळ.

"राहू द्या जी पाहुणीबाई. आमचं आम्ही उचलू. पाय धुवा."

मी पाय धुतले. तिने मला सपरीत, म्हणजे ओसरीवर, नेऊन सतरंजीवर बसवलं. म्हातारा खुर्चीवर बसला होता. त्याने मला पाहिलं, म्हणाला, "या जी, लय दिवसांनी. घरी सगळे बरे?"

"नवरा जरा आगाऊ आहे," मी म्हटलं. "बाकी बरे."

मग पाहुणे येत गेले. माझी मुलगी आली, तिचा नवरा आला, ती थेट आत गेली. मी बसून राहिले. बसणं हे मोठं कठीण काम आहे, कोणी सांगत नाही. मागच्या अंगणात चूल पेटल्याचा वास आला. लाकूड ओलं होतं. मला माहीत होतं कोरडी लाकडं कुठे ठेवलीत. मी जीभ दाताखाली धरून बसले.

तेवढ्यात एक बाई आली. माझ्याच वयाची, अंगाने चांगली भरलेली, बोलायला सैल. बपेऱ्याहून, पार मध्यप्रदेशाच्या हद्दीपासून आली होती. सुनेच्या मावसबहिणीची ती सासू, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेली. माझ्याजवळ पिशवी पाहून तिने मलाही पाहुणी धरलं आणि शेजारी बसली.

"तुम्ही कोठच्या?"

"इकडचीच," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

ती जरा जवळ सरकली. "या घरची म्हातारी दिसत नाही कुठं. भल्ली खट आहे म्हणतात."

"असं म्हणतात?"

"म्हणतात म्हणजे! माह्या सुनेची बहीणच ना इथं. सांगत असते. सुनेले कढईले हात लावू देत नाही. इतकी वर्षं झाली, पोरगी लसूणच सोलून राहिली."

"अरे बापा," मी म्हटलं.

"अन् जेवणात रोज खोट. हे कमी, ते जास्त. मी असती तर सांगतलं असतं तिले."

"काय सांगतलं असतं?"

"म्हणलं असतं, बाई, कढई काय वर घेऊन जाणार आहे?"

म्हाताऱ्याला खोकला आला. चांगला लांब आला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. कढई लय जड असते." पाहुण्याने पाहुण्याला खोडू नये.

इतक्यात सून आतून आली. देवाला नैवेद्य दाखवून झाला होता. हातात ताटलीत एक वडा, गरम. ती सरळ माझ्यासमोर बसली.

"पाहुणीबाई, पहिला घाणा आहे. खाऊन पाहा, कसा झाला."

मी वडा तोडला. रंग चांगला होता. आतून कच्चा नव्हता. लसूण पुरेसा. आणि मीठ कमी. ठरल्यासारखं कमी.

आता आमच्याकडे एक रीत आहे, पाहुण्याने यजमानिणीच्या जेवणात खोट काढायची नाही. तिने विचारलं की "बेस झालं" म्हणायचं, मग पानावर काही का असेना. मी बेस म्हटलं तर अख्खं पीठ तसंच तळलं जाणार, आणि माझी मुलगी ते खाणार. माझी मुलगी माझ्यावर गेली आहे. वहिनीच्या पहिल्या कढईला मीठ नव्हतं, हे ती परत जाताना प्रत्येक थांब्यावर सांगत गेली असती. खरं बोलले तर पाहुणी संपली, सासू उठली, आणि ओळीवर काट मारता येणार नाही. सून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या कपाळावर घाम होता, तो चुलीचाच असेल.

"बेस आहे," मी म्हटलं. मग जरा थांबून म्हटलं, "मले आपलं मीठ वर लागते बापा. चिमूटभर आणून देशील?"

यापेक्षा जास्त सांगणं पाहुणीला शक्य नाही. शहाणी बाई असेल तर समजते.

ती शहाणी होतीच. ती आत गेली, वाटीत मीठ आणलं, माझ्यासमोर ठेवलं. "घ्या जी. तुमाले लागन हे मले माहीतच होतं. आमच्या मामाजीले बीपी आहे, म्हणून मी पिठात कमीच टाकते. ज्याले पाहिजे तो वरून घेईन."

मामाजी म्हणजे म्हातारा. आणि ती परत कढईकडे गेली. पिठात कण टाकला नाही.

बपेऱ्याची बाई माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "पाहा किती समजदार सून! अन् त्या म्हातारीले कदर नाही."

मी वाटीतलं मीठ घेतलं आणि वडा खाल्ला. मिठासकट चांगला लागला, हे आता लिहायला हरकत नाही.

पंगत बसली. मुलगी माझ्या समोरच्या पानावर. तिने पहिला घास घेतला आणि मी ओळखलं, आता येणार.

"वहिनी," ती मोठ्याने म्हणाली, "मीठ टाकायले विसरली काय व?"

पंगत थांबली. सून वाढता वाढता उभी राहिली, पाण्याची झारी तशीच हातात. मी वाटी मुलीच्या पानापुढे सरकवली.

"हे घे. टाक वरून अन् गुमान खा. दुसऱ्याच्या पंगतीत बसून खोट काढून राहिली! मायनं काही शिकवलं नाही काय तुले?"

"अवो, पण माय तर तूच!"

बपेऱ्याच्या बाईचा हात तोंडापाशी थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मुलीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. म्हातारा पानात पाहून जेवत होता.

"म्हंजे... तुम्हीच काय त्या?"

"हो. मीच ती खट."

"मंग मघापासून हो ला हो काहून करून राहिल्या होत्या?"

"आज मी पाहुणी आहे. उद्या या, मंग सांगते."

आधी सून हसली. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलत होते. मग सगळे हसले. बपेऱ्याची बाई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पाणी मीच दिलं. पाहुणीला तेवढं चालतं. मुलगी तोंड वाकडं करून मीठ लावत वडे खात राहिली, आणि तिने परत परत मागून घेतले. वडे संपत आले तेव्हा वाटीत मीठ उरलं होतं. म्हणजे बऱ्याच जणांनी तसेच खाल्ले. याचं मला नवल वाटलं, आणि फारसं आवडलं नाही.

दुपारी मी आणि ती बपेऱ्याची बाई खडी गंमत पाहायला गेलो. अगदी पुढे बसलो. शाहिराचा गळा बसलेला होता. नाचणाऱ्याच्या मिशा नुकत्याच काढल्याचं दिसत होतं. दोन्ही पार्ट्या एकमेकींना सवाल टाकत होत्या, लोक शिट्या मारत होते. चांगलं होतं. जन्मभर त्यासाठी हळहळावं इतकं नव्हतं. मी मधे मधे मागे पाहत होते. कोणी तरी पोर धावत येईल, म्हणेल की मोठं पातेलं सापडत नाही, तेल कुठे ठेवलं, पाहुणे वाढले. कोणी आलं नाही. शेवटचा गडी नाचून बसला तरी आलं नाही.

"कोणाची वाट पाहून राहिल्या?" ती बाई म्हणाली.

"कोणाची नाही. मान अवघडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघायचे होते, त्यांना सोबत वडे द्यायचे म्हणून मी उठून मागच्या अंगणात गेले. चूल पेटलेली होती. कोरडी लाकडं तिला सापडली होती. सून पाटावर बसून उरलेल्या पिठाचे वडे सोडत होती. पाट माझा. मी उभी राहिले. ती उठेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. तिने एक वडा उलटला, मग दुसरा.

"पाहुणीबाई," वर न पाहता ती म्हणाली, "मुक्काम आहे काय अजून?"

"आहे," मी म्हटलं. "मरेपर्यंत."

"मंग सपरीत बसा. चहा आणते."

मी सपरीत येऊन बसले. बऱ्याच वेळाने तिने चहा आणला. मी एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," मी म्हटलं.

"मंडई कालच झाली," ती म्हणाली. "आता खोट काढली तरी चालते." आणि कढईतले वडे करपतील म्हणून घाईने आत गेली.

साखर तिने आणली नाही.