ज्या चुकीवर सरांनी सही केली

प्रा. विश्वनाथ सरांकडे संशोधनासाठी मी प्रथम गेलो, तेव्हा त्यांनी माझे गुणपत्रक पाहिलेच नाही. तळहातावरचे एक हाडूक पुढे करून म्हणाले, "शिंकू नका. उडालं तर दिवसभर शोधत बसावं लागेल." ज्वारीच्या दाण्याएवढे ते मधल्या कानातले रिकीब नावाचे हाड होते.

आवाजाने हे हाड कंप पावते, पण इतके सूक्ष्म की नजरेला दिसत नाही. सर केसासारख्या काचतंतूतून त्यावर प्रकाश सोडत आणि परतलेल्या प्रकाशावरून तो कंप मोजत. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या कानातले नेमके कोणते हाड अडकले आहे, हे डॉक्टरांना आधी कळावे, हा त्यांचा ध्यास.

सरांची शिस्त जाचक होती, हे लपवत नाही. प्रत्येक मोजणीआधी आवाज बंद ठेवून एक कोरी मोजणी घ्यायचीच. मला त्याचा भारी कंटाळा.

माझ्या मोजणीत एक अनपेक्षित कंप सापडला. निबंध छापून आला, आमचे कौतुक झाले. पुढे एकदा सर स्वतः मोजायला बसले. त्यांनी आवाज बंद केला, तरी कंप तसाच. सर मूळचे मंगळवेढ्याचे. गडबडले की गावची बोली बाहेर येते. "आरं, ह्यो कान न्हाय. ह्यो शेजारचा माग हाय!"

शेजारच्या चादरींच्या कारखान्यात जाऊन सरांनी दहा मिनिटे माग थांबवण्याची विनंती केली. मालक व्यंकटेशअण्णा म्हणाले, "दहा मिंटं कशाला सर, चहा होईपर्यंत बंद ठेवतो की." माग थांबले आणि आमच्या पडद्यावरची रेघ सरळ झाली. आमचा शोध म्हणजे अण्णांच्या चादरी होत्या.

सरांनी माझी वही उघडली. कोऱ्या मोजणीपुढे माझ्या अक्षरात 'घेतली' असे होते. ती घेतलेली नव्हती. माझी पदवी तिथेच संपायची. सरांनी वही मिटली आणि निबंध मागे घेण्याचे पत्र लिहिले. 'मोजणी तपासण्यात माझी चूक झाली,' एवढेच त्यात होते. खाली एकट्याची सही केली. मला म्हणाले, "उद्या पयल्यापासनं मोजायचं. घडंल तेच लिवायचं."

पुढे परिषदांमधून सरांना त्या मागावरून टोमणे बसले. ते हसत राहिले. मी शेजारी बसून गप्प राहिलो, तब्बल नऊ वर्षे. त्याची मला लाज वाटते.

सरांच्या साठीनिमित्त त्यांच्या विनम्रतेवर लिहीन, असे मी संपादकांना कळवले होते. ते राहू द्या. ती खोटी नोंद माझी होती, सरांची नव्हे. हे त्यांना न विचारता छापत आहे. सर, आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि हे वाचून माझ्यावर मनसोक्त रागवायला आपण मला उद्या सकाळीच बोलवावे.