घर बघायला गेलो आणि बाबा पाणी मागत बसले

गेल्या महिन्यात, भर मेमध्ये, आम्ही वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला घर बघायला गेलो होतो. मी, नवरा निलेश आणि पवनारहून खास आलेले माझे बाबा. ऊन असं की स्कूटीच्या सीटवर पापड भाजून निघाला असता.

प्रश्न साधा होता, पण दोन महिने सुटत नव्हता. निलेशला वर्ध्याच्या कॉलेजात नोकरी मिळालेली, माझं काम लॅपटॉपवर, कुठूनही होणारं. पण पुण्यात आठ वर्षं काढली होती, तिथला एक फ्लॅटही जवळपास ठरला होता... मला काही पुणं सोडायचं नव्हतं. सोमवारी बिल्डरला हो की नाही ते सांगायचं होतं.

घरमालक हौसेने किचनच्या टाइल्स दाखवत होते, आणि बाबा गायब! बघते तर शेजारच्या फाटकात उभे राहून तिथल्या काकूंना पाणी मागतायत. मी कपाळावर हात मारला... बाटली माझ्या पर्समध्येच होती की!

पण ही बाबांची जुनी खोड. आयुष्यभर एसटी चालवली त्यांनी, आणि गाडी जिथे मुक्कामी असेल तिथे पाणी मागून प्यायले. "मे महिन्यात कोणाच्याही दारात पाणी मागजो, गिलास कसा येते तेवढं पाह्यजो..." हे मी लहानपणापासून ऐकतेय.

काकू तांब्या-ग्लास घेऊन आल्या. ग्लास असा काठोकाठ भरला की बाबांच्या चपला भिजल्या. न विचारता दुसरा भरला, मग ग्लास विसळून ते पाणी मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं. "दोन घरांच्या मधात सामाईक विहीर आहे नं भाऊ," त्या म्हणाल्या. "नळ येते दिवसाआड, पण विहीर काही आटत नाई."

बाबांनी परत येऊन घरमालकांना सांगून टाकलं, घर पसंत आहे. अजून बेडरूमसुद्धा बघितली नव्हती! मी तर जाम चिडले.

परतताना रसवंतीत बसलो तेव्हा मी वाद घालायला सुरुवात केली. पुण्यातही पाणी येतंच, टँकर रोज येतो, कधी येणार ते ग्रुपवर कळतं वगैरे वगैरे. निलेश नेहमीप्रमाणे रसातला बर्फ मोजत होता.

बाबा शांतपणे म्हणाले, "मार्चमधी आलतो नं तुह्याकडे. तू मले अर्धा गिलास पाणी देल्लं."



पुण्यातल्या आमच्या सोसायटीत लिफ्टजवळ नोटीस आहे, पाहुण्यांना अर्धाच ग्लास द्या. नियम चांगलाच आहे, मीच मीटिंगमध्ये हात वर केला होता. पुढे हाताला इतकी सवय झाली की तो समोर कोण आहे हेही बघेनासा झाला. रात्रभर रेल्वेत बसून आलेल्या बापाला मी अर्धा ग्लास दिला, आणि अजून हवंय का हेसुद्धा विचारलं नाही.

"मग मागायचं ना!" मी म्हटलं. जगाकडे पाणी मागणारा माणूस, माझ्याकडेच का नाही?

"तुह्या बाथरूमातल्या भरून ठेवलेल्या बादल्या पाह्यल्या बेटा. मंग कसं मागू?"

हे ते हसत हसत बोलले, पण मला फार लाज वाटली. रसवंतीवाल्यासमोर डोळे पुसावे लागले... ऊन लागलं म्हणून वेळ मारून नेली.

सोमवारी बिल्डरला 'नाही' असं कळवून टाकलं.

आता बोरगावात तिसरा आठवडा. पुण्यातल्या मैत्रिणी, तिथलं नाटक, कोपऱ्यावरचा डोसा, सगळं आठवतं. भाजी धुतलेलं पाणी मात्र मी इथेही कढीपत्त्यालाच घालते, ती सवय सोडायची नाही. पहाटे विहिरीवर काकूंची गाठ पडते आणि सगळ्या गल्लीच्या बातम्या चहाच्या आधी कळतात.

परवा बाबा पवनारच्या बसने आले. पायरीवर टेकले न टेकले तोच मी ग्लास भरला, पार ओसंडेपर्यंत. "एवढा कायले भरतं वं, सांडून राह्यलं ना पाणी!" म्हणून मलाच रागावले. मग एका दमात तो संपवला... आणि रिकामा ग्लास पुन्हा माझ्यापुढे धरला.

मार्चमध्ये न मागितलेलं पाणी बाबांनी परवा माझ्याकडे मागितलं. माझ्यासाठी शहराचा प्रश्न तिथेच सुटला.