हडपसरपर्यंत ट्रिपल सीट

आमच्या घरात 'ट्रिपल' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. आमच्या फोन नंबरात शेवटी तीन पाच आहेत. सगळं जग त्याला 'ट्रिपल फाइव्ह' म्हणेल, पण सौ. 'पाच, पाच आणि आणखी एक पाच' असं सांगते आणि सांगताना माझ्याकडे बघते.

कारण तिचा धाकटा भाऊ विनू. हडपसरला नव्यानेच निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. वर्षभर घरी बसलेला मुलगा. हीही नोकरी हुकली तर सासरे त्याला गावच्या दुकानात बसवणार होते. 'कोथरूडहून हडपसर' म्हटल्यावर रिक्षावाल्यांनी 'मग सोलापूरलाच जा की' असा चेहरा केला. मी स्कूटर काढली. सौ. म्हणाली, "मीपण येते. बाहेर उभी राहून अथर्वशीर्ष म्हणेन."

झालं, ट्रिपल सीट!

पुण्यात याचं एक शास्त्र आहे. पोलीस असलेला चौक आला की तिसऱ्याने अलीकडे उतरायचं, जन्मात स्कूटर पाहिली नाही अशा चेहऱ्याने चौक चालत ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचं. मागचं चाक दबलं की मी गिअर टाकायचा. दोन चौक विनू अगदी निष्पापपणे चालला.

तिसऱ्या चौकातला पोलीस जरा रोखूनच बघत होता. पलीकडे थांबून मी मागे न बघताच म्हणालो, "बस लवकर, हडपसर गाठायचंय." चाक दबलं. निघालो. मधे बसलेली सौ. डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होती (मी चालवत असलो की ती डोळे मिटूनच बसते).

वाटेत मी विनूची तयारी करून घेतली. "समजा विचारलं, तुझा वीकनेस काय? बोल, लाजू नकोस."

वाऱ्यात उत्तर ऐकू आलं नाही.

कंपनीच्या गेटपाशी थांबलो. मागून धोतर-टोपीतले एक आजोबा उतरले.

"लई उपकार झालं. गुडघं."

"काय?"

"तुम्हीच इचारलं न्हवं, वीकनेस काय? गुडघं हायत."

सौ.ने डोळे उघडले. "अहो, विनू कुठाय?"

विनू चौकात होता. त्याची सर्टिफिकेटं माझ्या डिकीत होती आणि इंटरव्ह्यूला दहा मिनिटं उरली होती.

मी स्कूटर वळवतोय तोच एक मोटारसायकल येऊन थांबली. पुढे तोच पोलीस, मागे विनू.

"माझी ड्युटी संपली, घरही इकडंच," पोलीस म्हणाला. "पोरगं रडकुंडीला आलं होतं, म्हटलं सोडावं. तुमचंच ना?"

"हो, हो. फार आभारी आहे आपला."

"स्कूटरवर किती जण होतात?"

मी "दोघं" म्हणणार, एवढ्यात इंटरव्ह्यूच्या तंद्रीतला विनू ताठ उभा राहून म्हणाला, "ट्रिपल, सर."

आणि फाइल घेऊन आत पळाला. इकडे माझ्या नावाची पावती फाटत होती आणि शेजारी सौ.ने अथर्वशीर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं.

नोकरी लागली. आता विनूकडे सात सीटची गाडी आहे. कुठे जायचं झालं की निघण्याआधी तो शांतपणे मला विचारतो, "भावोजी, मागे एकदा बघून घ्या. सगळे आपलेच आहेत ना?"

आणि मी खरोखरच मागे वळून बघतो.