न आलेल्या क्रूझरचे उपकार

सयाममधल्या पाकनामला नदीकाठी आमच्या शेजारी राहणारा प्लुएंग नौदलात बॉयलरखान्यावर होता. इटलीच्या गोदीत आमच्या देशासाठी दोन क्रूझर बांधल्या जात होत्या. त्या आणावयास जाणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव लागले, तेव्हा सारी आळी त्याच्याकडे आदराने पाहू लागली. त्याची आई चान तेवढी हिरमुसली. यादीतल्या माणसाने केव्हाही निघण्यास सिद्ध असावे लागे. त्याला प्रव्रज्येसाठी, म्हणजे काही काळ भिक्षू होण्यासाठी, रजा नव्हती. आणि पुत्राने एक वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने तरी भिक्षूचे चीवर धारण करावे, याहून थोर पुण्य आमच्याकडील मातेला ठाऊक नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. चीवरातला पुत्र, एवढे एकच दर्शन तिने त्या मावळत्या दृष्टीसाठी राखून ठेवले होते.

"तुझी बोट काय कासवं ओढून आणतायत का रे?"

"पोलाद आहे आई, भात नव्हे वाफवायला."

"मग माझे डोळेही पोलादाचे करून दे."

युद्ध भडकले. इटलीने दोन्ही क्रूझर अर्धवट असतानाच स्वतःसाठी ठेवून घेतल्या. पुढे त्या तिथेही पुऱ्या झाल्या नाहीत. इकडे त्या आणावयास जाणाऱ्यांची यादी रद्द झाली.

"दोन वर्षं पोरींपुढे इटली इटली करत मिरवलास! आता काय सांगशील?" त्याचा वरिष्ठ थोंगयू म्हणाला.

"दादा, लाज वाटते सांगायला. देशाची बोट गेली, नि मला हायसं वाटतंय."

"रजेचा अर्ज आण. आजच. उद्या दुसरी यादी लागेल."

वर्षावासाच्या आरंभी चानने पुत्राची पहिली बट कापून कमलपत्रावर ठेवली आणि मुंडन झालेल्या मस्तकावरून कितीतरी वेळ हात फिरवला. एकदा तो भिक्षू झाला, की तिला त्याला स्पर्श करता येणार नव्हता.

दुसऱ्या सकाळी ती दारात भात घेऊन उभी राहिली. भाताचा डाव पात्राच्या बाहेर चालला होता. भिक्षूने पात्र हळूच त्याखाली सरकवले.

"पिवळं दिसतंय," ती म्हणाली. "आपणच ना?"

"होय, उपासिके."

मग विहारात पुण्यदानाचे पाणी ओतताना तिने पितरांच्या पाठोपाठ गोदीतल्या त्या परदेशी कारागिरांनाही आपल्या पुण्याचा वाटा दिला.

मी चकित झालो. "मावशी, त्यांनी तर बोट दिलीच नाही!"

"नाही दिली म्हणूनच तर," ती म्हणाली, आणि उरलेले पाणीही ओतले.