भिंतीपलीकडून फळी

हितेशनं ते यंत्र टेम्पोतून उतरवलं तेव्हा शेणवे गावातली निम्मी आळी बघायला जमली. कमळ मात्र मोरीत जाऊन भांडी घासत बसली, तीही सकाळी घासून ठेवलेलीच. बाई तशी भित्री नव्हती हो. कुणाच्या घरात साप निघाला तर बाया आधी हिलाच हाक मारतात. पण आज दाराशी जे उतरत होतं त्याच्या मधोमध दात्यांचं गोल पातं होतं, आणि त्या पात्यापुढं उद्यापासून तिच्या नवऱ्याचे हात जाणार होते.

नवरा म्हणजे सावळाराम मिस्त्री. चौकटी, दारं, दिवाण, देव्हारे, सगळं करणारा. त्याचा उजवा खांदा धरला होता, करवत ओढवेना. पोरगा हितेश मुरबाडला कारखान्यात, बापाचे हाल बघवेनात, म्हणून त्यानं टेबल कटर आणला. आता पोरानं मायेनं आणलेल्या वस्तूला नको कसं म्हणायचं? दगड जरी आणला असता तरी सावळारामानं तो घरात ठेवून घेतला असता.

"बाबा, तुमी फक्त फळी ढकलायची. कापायचं काम ह्याचं," हितेश म्हणाला.

"आनि बोटं कुनाची?" कमळ मोरीतूनच ओरडली. सगळे हसले. हसायला काय जातंय लोकांचं!

ती उगाच ओरडली नव्हती. सावळारामाचे गुरू, धोंडू मिस्त्री, शहापूरच्या एका वखारीत मशीनवर होते. कमळच्या लग्नात ते आशीर्वाद द्यायला पुढं आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला फक्त अंगठा आणि करंगळी जाणवली. मधलं काहीच टेकलं नाही. नवी नवरी, मुंडावळ्या बांधलेली, मान खाली, आणि अंगावर सर्रकन काटा. पुढं कितीतरी दिवस तिला स्वप्नात तो हात दिसायचा. पात्याचं यंत्र म्हटलं की तिला अजून तोच हात आठवतो.

हितेश दुसऱ्या दिवशी कामावर गेला, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. सावळारामाचं कामाचं ठिकाण म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची पडवी. अहो, ती केवढी! दोन माणसं एकदम वाकली तर डोकी आपटतील. फळी कापायची तर जेवढी फळी लांब तेवढी जागा पात्याच्या अलीकडं हवी आणि तेवढीच पलीकडं. यंत्र दाराशी ठेवलं तर फळी समोरच्या भिंतीला टेकते. भिंतीशी ठेवलं तर माणूस दाराबाहेर उन्हात. तिरकं लावावं तर मधला खांब आडवा येतो. सावळाराम दिवसभर दोरी धरून, खडूच्या रेघा मारत, पुसत, स्वतःलाच शिव्या घालत फिरला.

"अंगनात ठेवा की," कमळ म्हणाली. तिचा डाव सरळ होता. अंगणात ठेवलं की पावसापाण्याचं निमित्त होईल, आणि यंत्र ताडपत्रीखाली पडून राहील.

"गंजल तिथं. आनि वायर कुठून नेऊ? तुझ्या डोक्यावरून?"

शेवटी त्याला सुचलं ते असं. मागची भिंत एकेरी विटांची. तिला टेबलाच्या उंचीला आडवं, लांबट भगदाड पाडायचं. म्हणजे फळी कापली जाऊन सरळ भिंतीतून मागच्या परसात, धुण्याच्या दगडाशी निघेल. वा रे अक्कल! गवंड्यालाही बोलावलं नाही, स्वतःच छिन्नी घेतली. भगदाड झालं, कडा सिमेंटनं गुळगुळीत केल्या, आणि मग त्यानं अगदी सहज, चहा टाक म्हणावं तसं सांगितलं, "फळीचं टोक बाहेर लोंबलं तर इकडं पात्यापाशी फळी उचलते. तू पलीकडून धरायची."

कमळनं नवऱ्याकडं बघितलं. तिला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणावं तर तो एकटाच कापायला उभा राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचीही भीती होतीच. ती हो म्हणाली.

तशी ही जोडी काही आजची नव्हती. सावळाराम मिस्त्रीच्या हातच्या चौकटी पाहून लोक वाहवा करतात, पण त्यातलं निम्मं लाकूड कमळनं कापलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन मुठींची मोठी करवत, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. हितेश पोटात असतानाही ती बसायची. त्या करवतीचा नियम एकच: आपल्याकडं आली की ओढायची, ओढून झाली की सैल सोडायची. ढकलायचं कधीच नाही. ढकललं की पातं वाकतं. सुरुवातीला सावळाराम तिला दर फेरीला सांगायचा, "वढ गो, वढ." पुढं सांगायची गरज उरली नाही. त्यांची भांडणंही त्या करवतीवर कळायची. कमळ रागात असली की झटके बसायचे.

तर पहिल्या दिवशी यंत्राला नारळ फोडला. कमळनं पात्याला हळदकुंकू लावलं, तेही प्लग काढलाय ना हे तीनदा विचारून. सावळाराम हसला, पण तिनं पाहिलं, त्यानंही वायरीकडं एकदा नजर टाकली होती.

छोटे तुकडे छान कापले. मग भातसानगरच्या एका कामगाराच्या नव्या घराची सागाची फळी आली, चांगली लांब. कमळ घराला वळसा घालून मागं जाऊन उभी राहिली. समोर भिंत. भिंतीत ती फट. फटीतून नवऱ्याचा ना हात दिसे, ना तोंड. नुसता उजेडाचा एक पट्टा आणि आत घुमणारा आवाज.

"मी सांगन तवा धर!" आतून ओरड आली.

फळीचं टोक फटीतून बाहेर आलं, मागोमाग भुसा उडाला. टोक हातभर झालं, मग आणखी. देवा, बोटं सांभाळ, एवढंच ती पुटपुटत होती. आत पात्याचा आवाज लाकडात शिरून जड झाला होता.

"धर गो!"

तिनं धरली. लाकडाचा तो थरकाप तळहातात शिरला, दाते लाकूड खात आपल्याकडं येतायत हे मनगटाला कळलं, आणि हात आपसूक चालले. इतक्या वर्षांचे शिकलेले हात. आपल्याकडं आली की ओढायची. तिनं ओढली. पूर्ण ताकदीनं ओढली.

फळी उसळून आली आणि तिच्या पोटात बसली. ती धुण्याच्या दगडावर आदळली. आत यंत्र एकदम पातळ आवाजात किंचाळलं, काहीतरी खाडकन पडलं, आणि मग बटन दाबल्याचा आवाज. पातं फिरत फिरत हळू होत गेलं. सावळारामाचा आवाज नाही.

"अवो!" ती ओरडली.

फटीतून बघायला ती वाकली आणि तिथंच थांबली. बघवेना. आत जायला घराला सगळा वळसा घालावा लागणार होता. ती धावली. ओटा, स्वयंपाकघर, माजघर, पुन्हा बाहेर. तेवढ्या वाटेत तिनं मनातल्या मनात ते सगळं पाहिलं: जमिनीवर रक्त, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, मिळेल त्या जीपनं कल्याणचा रस्ता. मीच केलं, मीच केलं, एवढंच तिच्या डोक्यात वाजत होतं.

सावळाराम मधल्या खांबाला पाठ लावून उभा होता. दोन्ही हात खांद्याच्या वर, पोलिसापुढं धरावेत तसे. तोंड पांढरं. हातांवर भुसाच भुसा. कमळनं ते हात ओढून खाली घेतले, पदरानं भुसा पुसला, एकेक बोट चिमटीत धरून बघितलं. अंगठे बघितले. पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. सगळी होती. साधा ओरखडा नव्हता. मग ती तिथंच भुशात बसली आणि मोठ्यानं रडली.

"मी वढली," ती हुंदके देत म्हणाली. "तुमी धर म्हनलात, आनि मी वढली."

"कळलं मला."

"फळीसंगं हात पात्यावर गेला असता तुमचा! माझ्या हातानं गेला असता!"

"आधीच उचलला व्हता." सावळाराम तिच्याशेजारी टेकला. त्याला बोलायलाही दम लागत होता. "मला ठावूक व्हतं तू वढशील. तुझ्याकडं गेली आनि तू वढली नाय, असं कदी झालंय का?"

कमळचं रडणं थांबलं. तिनं वळून नवऱ्याकडं असं बघितलं की तो मागं सरकला.

"ठावूक व्हतं? मग मला तिथं उभी कशाला केलीत? जीव नकोसा झाला व्हता का तुमाला?"

"दुसऱ्या कुनाला उभं करू? पलीकडं तू नसलीस तर मला कापायला जमत नाय गो. भ्या वाटतं."

बाईला राग आवरेना आणि मायाही आवरेना. तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, बऱ्यापैकी जोरात. "तुमच्या ह्या इश्वासानं बोटं जातील तुमची. मी परत भिंतीपलीकडं जायची नाय. मेली तरी नाय."

दोन दिवस यंत्र झाकलेलं होतं. सावळारामानं परसात बसून एक घोडा केला, चार पायांचा लाकडी टेकू. त्याच्या माथ्यावर सळईत जुन्या पाइपाचा तुकडा बसवला, म्हणजे फळी आली की पाइप नुसता फिरेल. ना धरेल, ना ओढेल. घोडा फटीबाहेर, धुण्याच्या दगडापाशी, बरोब्बर कमळच्या जागी उभा केला. फळी ढकलायला एक काठीही तासून घेतली, म्हणजे शेवटची वीत हात पात्याजवळ न्यायला नको.

तयारी सगळी झाली. सावळाराम यंत्रापाशी गेला, फळी टेबलावर ठेवली, बटनावर बोट ठेवलं. आणि तसाच राहिला. कमळ दारातून बघत होती. तिनं त्याला रागावलेला पाहिला होता, तापानं फणफणलेला पाहिला होता. पण त्याचं बोट थरथरताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"परत धाडू का हितेशला सांगून?" त्यानं मागं न बघता विचारलं.

कमळच्या ओठावर हो आलं होतं. तेच तर तिला पहिल्या दिवसापासून हवं होतं. मग तिला त्याचा खांदा दिसला, सदऱ्याखाली एका बाजूला उतरलेला. हे गेलं तर हा माणूस पुन्हा करवतीवर बसणार, नाहीतर कामच सोडणार, आणि काम सुटलेला सावळाराम कसा दिसेल तेही तिला दिसलं.

ती आत आली. पात्याच्या पलीकडं नाही, अलीकडं, त्याच्या डाव्या अंगाला, दोन हात सोडून, जिथून त्याचे दोन्ही हात नीट दिसतील तिथं उभी राहिली.

"मला पन भ्या वाटतं," ती म्हणाली. "दाबा बटन."

त्यानं दाबलं. यंत्र घुमलं, फळी पात्यात शिरली, भिंतीतून बाहेर गेली, आणि पलीकडं पाइप गरगर फिरल्याचा आवाज आला. फळी सरळ कापली की वाकडी, ते कमळनं पाहिलंच नाही. पातं पुरतं थांबेपर्यंत ती नवऱ्याची बोटं बघत होती.